पियानो थोडा कमी करा

मुंबईच्या मराठी वस्तीत पियानो सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि फार थोड्यांनी पाहिलेला असतो. पाहिलेला असतो तोही पडद्यावर. 'अंदाज'मध्ये (१९४९) दिलीपकुमार पियानोपाशी बसतो, 'संगम'मध्ये (१९६४) राज कपूर, 'ब्रह्मचारी'त (१९६८) शम्मी कपूर. तिन्हीकडे दिवाणखाना प्रशस्त, पाहुणे सुटाबुटातले आणि गाणाऱ्याच्या मनात काहीतरी सलत असलेलं. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत प्रेमभंग झाला तर माणूस गॅलरीत जाऊन उभा राहतो. टेकायला पियानो नसतो, आणि पाहुण्यांच्या जागी शेजारच्या काकू असतात. त्यांना सगळं आधीच माहीत असतं.

तरीही जुन्या गाण्यांचा कार्यक्रम म्हटला की पियानो लागतोच. दादरचं शिवाजी मंदिर असो, प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर असो की गिरगावात केळेवाडीतलं साहित्य संघ मंदिर; निवेदकाने आठवणींचा हिंदोळा हलवला, दिवे निळे झाले की पहिला पीस पियानोचा. आता खरा पियानो आणायचा तर स्टाइनवेचा मोठा कॉन्सर्ट ग्रँड २७४ सेंटिमीटर लांब आणि सुमारे ४८० किलो वजनाचा असतो. त्याला रंगमंचावर ठेवलं तर ढोलकीवाला, तबलजी आणि कोरसच्या चार मुली यांना विंगेतून साथ करावी लागेल. म्हणून मग डिजिटल पियानो. यामाहाचा पी-४५ साडेअकरा किलोंचा आहे. रोलंडचा आरडी-२००० जवळजवळ २२ किलो भरतो. लगेजच्या डब्यातून तो दादरला उतरवून पुलाच्या पायऱ्या चढणाऱ्या कलावंताला आवाज किती अस्सल आहे यापेक्षा हँडल किती मजबूत आहे याची जास्त काळजी असते.

या कलावंताला वादक कुणी म्हणत नाही. तो 'कॅसिओवाला'. वाद्य रोलंडचं असो, कोर्गचं असो, त्यासाठी त्याने बायकोच्या बांगड्यांकडे आशेने पाहिलेलं असो. आयोजकांच्या वहीत त्याची नोंद 'कॅसिओ – १, चहा – २' अशीच होते.

त्याची खरी अडचण वजनाची नसून निवडीची असते. वाद्य सुरू केलं की पडद्यावर पियानोंची रांग लागते: कॉन्सर्ट ग्रँड, स्टुडिओ ग्रँड, मेलो ग्रँड, ब्राइट पियानो, हाँकीटाँक. सगळ्या कंपन्यांच्या वाद्यांत टोनचे क्रमांक सारखे असावेत म्हणून १९९१ साली 'जनरल मिडी' नावाची यादी ठरली. तिच्यात १२८ टोन आहेत आणि पहिले आठ पियानोच्या घराण्यातले. भारताच्या वाट्याला १०५ क्रमांकावर सतार आणि ११२ क्रमांकावर चक्क शहनाई आली. पेटीला मात्र स्वतःच्या नावाची जागा मिळाली नाही. ती 'रीड ऑर्गन'मध्ये समजून घ्यायची. पुढे यामाहाने खास भारतासाठी पीएसआर-आय मालिका काढली आणि तबला-तानपुरा-पेटी अधिकृतपणे आत आली. पण आठ पियानोंतला कोणता लावायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

दुकानात तो प्रश्न फार सोपा वाटतो. धोबी तलावाच्या बाजूला वाद्यांच्या दुकानांची परंपरा जुनी आहे. फुर्टाडोज ही पेढी तर १८६५ सालची. अशा दुकानात हेडफोन लावून 'कॉन्सर्ट ग्रँड'ची एक पट्टी दाबली की गिऱ्हाईक डोळे मिटतं. विक्रेता समजावून सांगतो: खऱ्या पियानोची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वेगवेगळ्या ताकदीने वाजवून प्रत्येक वेळचा आवाज टिपून घेतलेला आहे, बोट जितकं जोरात पडेल त्याला १ ते १२७ पर्यंतचा आकडा मिळतो आणि त्या आकड्याप्रमाणे नेमका तो आवाज बाहेर येतो. १९८८ सालच्या कोर्ग एम-वनमध्ये पियानोसकट सगळ्या वाद्यांचे आवाज मिळून ४ मेगाबाइटमध्ये कोंबले होते. आज मोबाइलवरचा मोदकांचा एक फोटो तेवढी जागा खातो. कॉम्प्युटरवर चालणारे आजचे पियानो एकेकटेच कित्येक गिगाबाइटचे असतात. पियानोटेकसारखे काही तर टिपलेला आवाज वापरतच नाहीत. तार, हातोडा आणि लाकूड यांचं गणित मांडून ते दर वेळी नवा आवाज तयार करतात.

एवढ्यावर भागत नाही. महागड्या वाद्यात हातोड्याची ठकठक कमीजास्त करता येते, पट्टी सोडल्यावर तार दाबली जाते तो पुसट आवाज आणता येतो, पेडल दाबल्यावर इतर तारांनी धरलेली गुणगुण वाढवता येते. झाकण किती उघडं आहे तेही ठरवता येतं, जे झाकण मुळात नाही. एखादी पट्टी किंचित बेसूर करून ठेवायचीही सोय आहे. मुंबईच्या दमट हवेत खरे पियानो हे काम विनामूल्य करत आले. कारागिरांनी तीनशे वर्षं खपून जे आवाज पियानोतून घालवायचा प्रयत्न केला, ते परत मिळवण्यासाठी आता वेगळे पैसे मोजावे लागतात.

मग वाद्य घरी येतं. चाळीत रियाज करायचा म्हणजे हेडफोन आले. वादकाच्या कानात व्हिएन्नाचं सभागृह असतं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना मात्र त्यातला एकही सूर ऐकू येत नाही. लाकडी तक्तपोशीतून फक्त वजनदार पट्ट्यांची धप् धप् उतरते. अर्ध्या तासाने ते वर येऊन अत्यंत सभ्यपणे विचारतात, "एवढ्या रात्री मसाला कुटताय का?"

कार्यक्रमाच्या संध्याकाळी खरी परीक्षा सुरू होते. पहिला धक्का साऊंडवाला देतो. पियानोचा सॅम्पल बहुधा वादकाच्या जागेवरून टिपलेला असतो: खर्जाच्या पट्ट्या डाव्या कानात, तार सप्तक उजव्या. नाट्यगृहात हे तसंच सोडलं तर डाव्या बाजूच्या तिकिटवाल्यांना गाण्याचा एक हात ऐकू येईल आणि उजवीकडच्यांना दुसरा. म्हणून साऊंडवाला दोन वायरींपैकी एक काढून टाकतो, किंवा दोन्ही एकत्र करून मोनो करतो. दोन माइकनी टिपलेले आवाज असे एकावर एक आले की काही कंपनं एकमेकांना खोडतात आणि दुकानातला तो भरदार ग्रँड पत्र्याच्या डब्यात शिरल्यागत पोकळ होतो. वादक हातवारे करून विचारतो, "काय झालं?" साऊंडवाला अंगठा वर करून दाखवतो. नाट्यगृहांच्या भाषेत त्याचा अर्थ 'ऐकू आलं नाही' असा आहे.

दुसरा धक्का बाकीचे वादक देतात. पियानोचा दिमाख त्याच्या खालच्या आणि मधल्या भरीव सुरांत असतो. तिथे आधीच बास गिटार बसलेली असते, ढोलकीचा घुमारा असतो, पेटी असते आणि मध्यभागी गायक असतो, ज्याने या कार्यक्रमासाठी नवा कुडता शिवलेला असतो. एवढ्या गर्दीत 'मेलो ग्रँड' लावला की सगळं मिळून एक गढूळ गुंजन होतं आणि गायक मागे न बघता म्हणतो, "पियानो थोडा कमी करा." साऊंडवाल्याला या एका सूचनेची वाटच असते. त्याच्या लेखी पियानो म्हणजे लोणचं. ताटात हवं, पण कोपऱ्यात. तो खालचे सूर कापतो, वरचे किंचित उचलतो, आणि जे उरतं ते ऐकून पाचव्या रांगेतले एक गृहस्थ शेजारणीला म्हणतात, "अगदी ओरिजिनलसारखा वाजवतोय हो!"

हे गृहस्थ चुकत नाहीत. या सगळ्या खटाटोपातली मेख तीच आहे. त्यांनी खरा पियानो ऐकला आहे, पण कुठे? धोबी तलाव, माझगाव या भागांत राहणाऱ्या गोवेकर वादकांनी तो स्टुडिओत वाजवला, सेबॅस्टियन डिसोझांसारख्या अरेंजरनी त्याच्या जागा लिहून दिल्या, तो फिल्मवर आणि तबकडीवर गेला. तिथून तो रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवर किंवा १९५७ साली सुरू झालेल्या विविध भारतीवर चढला आणि अखेर परळच्या एका फळीवर ठेवलेल्या रेडिओच्या वीतभर स्पीकरमधून बाहेर पडला. या प्रवासात त्याचा खर्ज गळाला, वरची चकाकी गेली, डावं-उजवं तर मुळातच नव्हतं. शिल्लक राहिला तो मधला, थोडा नाकातला, स्पष्ट टणत्कार. पिढ्यान् पिढ्यांच्या कानांना 'खरा पियानो' म्हणून ठाऊक आहे तो हा. त्यामुळे नऊ फुटांच्या ग्रँडचं हुबेहूब ध्वनिचित्र त्यांना परकं वाटतं. साऊंडवाल्याने कापून-छाटून दिलेलं मात्र थेट बालपणात नेऊन सोडतं. तज्ज्ञ ज्याला बिघाड म्हणतील त्याला दादरमध्ये वन्समोअर मिळतो.

ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांची तर गोष्टच उलटी. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-सेव्हन आला. त्याच्यात खऱ्या पियानोचा एकही टिपलेला आवाज नव्हता. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीने तो गणितातून घंटेसारखा झुळझुळीत इलेक्ट्रिक पियानो काढायचा. जगभरच्या प्रेमगीतांत तो पसरला. अरुण पौडवालांनी 'अशी ही बनवाबनवी'ला (१९८८) संगीत दिलं तोवर सिंथेसायझर इथल्या रेकॉर्डिंगमध्येही रुळला होता. त्या काळातल्या गाण्याला एखादा शुद्धतावादी वादक मखमली कॉन्सर्ट ग्रँड लावतो, तेव्हा त्याने लाखभर रुपये घालून गाणं बिघडवलेलं असतं. तिथे नकली आवाजच मूळचा आहे. त्याच्या वाद्यात तोही टोन असतो, पण यादीत इतका खाली की तो सापडेपर्यंत अंतरा संपतो.

मराठी रंगभूमीला 'खरा आवाज कोणता' हा वाद नवा नाही. गंधर्व नाटक मंडळीच्या साथीत थिरकवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन असा थाट असे. तो ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायचं विलायती वाद्य. आज त्याच्याशिवाय नाट्यपद अपुरं वाटणारे रसिक साहित्य संघात पहिल्या रांगेत बसतात. इकडे पेटीला मात्र परकीय आणि श्रुतींची वैरीण ठरवून आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी तीन दशकं बंदी घातली. या काळात पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते आणि उत्तम पेटी वाजवत होते. नोकरी आणि आवड वेगळी ठेवावी म्हणतात ती अशी. गंमत अशी की यामाहाचा आरंभही त्याच जातीच्या वाद्यापासून झाला. १८८७ साली हमामात्सूच्या शाळेतला एक बिघडलेला रीड ऑर्गन तोराकुसू यामाहांनी दुरुस्त केला. आता त्यांच्याच कंपनीच्या कीबोर्डवर 'रीड ऑर्गन'चा टोन लावून गिरगावात नाट्यपदांना साथ होते.

नाट्यपदांच्या कार्यक्रमात डिजिटल वाद्याचं सर्वांत मोठं सुख म्हणजे ट्रान्सपोजचं बटण. गायिका काळी चारमध्ये गाणार म्हणून तालीम झालेली असते. ऐनवेळी घसा बसतो आणि ती कुजबुजते, "पांढरी पाच." पेटीवाल्याला बोटांची सारी जुळणी नव्याने करावी लागते. कीबोर्डवाला एक बटण एकदा दाबतो आणि तृप्त चेहऱ्याने पेटीवाल्याकडे बघतो. पुढचं गाणं पुरुष गायकाचं असतं. बटण परत दाबायचं राहून जातं. पहिल्या सुरालाच पियानो एका बाजूला आणि सारी मैफल दुसऱ्या बाजूला उभी राहते, आणि या वेळी तृप्त चेहरा पेटीवाल्याचा असतो.

सूर जुळले तरी एक बारीक कुरबुर उरते. खऱ्या पियानोच्या तारा ताठ असल्यामुळे त्यांचे उपस्वर किंचित चढे निघतात, म्हणून ट्यूनर वरची सप्तकं हळूच चढी आणि खर्ज हळूच उतरता ठेवतो. चांगल्या डिजिटल पियानोत हा ताण इमानदारीने उतरवलेला असतो. पेटीत तो नसतो. दोघं मिळून तार सप्तकात गेले की अस्सलपणाचे पैसे कानाला टोचू लागतात.

पेडलची कथा याहून थोडक्यात आटोपते. ते गुळगुळीत रंगमंचावर पुढे पुढे सरकतं आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत तबलजीपाशी पोहोचतं. वाद्य सुरू करताना चुकून त्याच्यावर पाय असला तर बऱ्याच कीबोर्डना दाबलेलं म्हणजे सोडलेलं असं वाटतं. मग पाय काढला की सगळे सूर एकमेकांत मिसळून रेंगाळतात आणि पाय दिला की गप्प होतात. भावगीताला हे काही वेळ खपतं. पोवाड्याला नाही.

लालबाग-परळच्या रस्त्यावर मात्र हे सारे प्रश्न एका फटक्यात मिटतात. तिथे राज्य बेंजोचं. हा बेंजो अमेरिकेतला नव्हे. जनरल मिडीच्या यादीत १०६ क्रमांकावर जो बसला आहे त्याच्याशी याचं नातं नाही. १९१२ साली जपानच्या नागोयात निघालेल्या ताइशोगोतो या तारवाद्याचा हा भारतीय वंशज, टाइपरायटरची बटणं बसवलेला, पिकअप लावून ॲम्प्लिफायरला जोडलेला. त्याच्यासोबत टेम्पोवर ऑक्टोपॅड, ढोलकी, कच्छी ढोल, आणि एका कोपऱ्यात जनरेटरला टेकून कीबोर्डवाला. हळदीत कोळीगीत सुरू झालं की त्याच्या हातोड्याची ठकठक, तारांची गुणगुण, झाकणाचा कोन, सगळं जनरेटरच्या धुरात विरून जातं. त्याला लागतो एकच टोन: जो शिट्टीच्या वर ऐकू येईल. तरी कुणीतरी टेम्पोशी नाचत येऊन ओरडतंच, "कॅसिओ वाढव रे!" मुंबईत कीबोर्डचा आवाज वाढवायला सांगणारा रसिक फक्त इथे भेटतो.

आणि घड्याळ आहेच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, उघड्यावरचे लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद केले. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत मुभा देतं. गिरगावात १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला तेव्हापासून चाळीच्या अंगणात गाणंबजावणं चालत आलं. तिथल्या आजच्या कार्यक्रमांचा अनुभव असा की भाषणं, सत्कार, शाल, नारळ आणि लहान गटाची बक्षिसं आटोपून वाद्यवृंदाला मंच मिळतो पावणेनऊला. पियानोचा टोन मनासारखा लागतो नऊ पंचावन्नला. दहाला हवालदार येतो. तो गाण्याचा शौकीन असतो, पण घड्याळही त्याचंच खरं असतं.

एवढं सगळं पाहून शहाणे कीबोर्डवाले काय करतात? टोन हेडफोनवर ठरवत नाहीत. तालमीत, बास आणि ढोलकी चालू असताना, एकाच स्पीकरवर, मोनो करून ठरवतात. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांना ब्राइट पियानो, ऐंशीच्या गाण्यांना इलेक्ट्रिक, नाट्यपदांना ऑर्गन, असे तीन-चार टोन एका ओळीत साठवून बाकीची सहाशे नावं विसरून जातात. मंचावर हात आपोआप जड पडतो म्हणून टच एक पायरी कडक ठेवतात. कीबोर्डमधला रिव्हर्ब बंद करतात, कारण नाट्यगृहाला स्वतःचा पुरेसा असतो. पेडलखाली चिकटपट्टी लावतात. आणि गायक "पियानो थोडा कमी करा" म्हणाला की वादाच्या भानगडीत न पडता मान डोलावतात, आवाज आहे तिथेच ठेवतात. थोड्या वेळाने गायक वळून म्हणतो, "आता कसं छान वाटतंय."

रसिकांना एकच विनंती. पियानो खरंच ऐकू येत नसेल तर वादकाकडे बघून हातवारे करू नका. त्याच्या हातात काही नसतं. मध्यंतर झालं की बटाटावड्याच्या रांगेत उभं राहण्याआधी सभागृहाच्या मागच्या बाजूला जा आणि साऊंडवाल्याला गोड शब्दांत सांगा. वडा गार झाला तरी चालेल, रांगेतला नंबर कुणाला तरी धरून ठेवायला सांगा.